मेंढपाळाच्या डोळ्यांवरचा हात

एर्व्होच्या नगर-संग्रहालयात मंगळवारी कुणी येत नाही, कारण मंगळवारी ते बंद असतं. बाकीच्या दिवशीही फारसं कुणी येत नाही, पण तेव्हा ते उघडं असतं एवढाच काय तो फरक. अशाच एका मंगळवारी सकाळी ओक्ताव देलबोसला तिथून फोन आला, आणि पुढचे तीन दिवस त्याला एका जागी बसता आलं नाही.

ओक्ताव अडुसष्ट वर्षांचा चित्रकार. गावात सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. पॅरिसमध्येही दोघं-तिघं म्हणत. चाळीसहून अधिक वर्षं त्यानं काळी चित्रं काढली होती. जाणकारांना त्यांत तपकिरी काळा, तांबूस काळा, ओलसर काळा असे अकरा काळे दिसत. इतरांना एकच दिसे, पण ते गप्प बसत. या सगळ्या काळोखाचा उगम कुठे आहे हे ओक्ताव प्रत्येक मुलाखतीत सांगत आला होता: संग्रहालयाच्या वरच्या दालनातलं थेओफील ब्रेसाँचं 'कळप परतताना'.

ब्रेसाँ दीडेकशे वर्षांपूर्वीचा, याच गावचा. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनानं त्याला दोनदा नाकारलं. तिसऱ्यांदा घेतलं आणि चित्र इतकं उंच टांगलं की ते बघायला दुर्बीण लागावी. मग तो गावी परतला आणि मेंढ्या रंगवता रंगवता मेला. 'कळप परतताना' मोठं आहे, दोन माणसांनी मिळून उचलावं एवढं. गडद संध्याकाळ, उजवीकडे एक मेंढपाळ, पायाशी मेंढ्यांचे अंधुक गोळे, आणि मेंढपाळाचा एक हात डोळ्यांवर. बाकी सगळा अंधार.

तो डोळ्यांवरचा हात म्हणजे ओक्तावचं सगळं भांडवल. एकवीस वर्षांचा असताना संग्रहालयाचा परवाना काढून त्यानं तीन महिने त्या चित्रासमोर बसून त्याची नक्कल केली, आणि त्याला उमगलं की हा हात म्हणजे शोक. माणसानं जगापुढे झाकून घेतलेले डोळे. पुढे त्या हातावर त्यानं 'शोक एक'पासून 'शोक चौऱ्याहत्तर'पर्यंत मजल मारली. शिष्यांनी तो आणखी पुढे नेला. लियाँला एक बाई फक्त हात काढते, ओसाकाला एक गृहस्थ फक्त अंधार काढतात, आणि दोघंही ओक्तावला नाताळात कार्ड पाठवतात. येत्या शरद ऋतूत गावात 'ब्रेसाँ आणि त्याचे वारस' असं मोठं प्रदर्शन व्हायचं होतं. वारस म्हणजे मुख्यतः ओक्तावच. त्यासाठी मूळ चित्राची थोडी साफसफाई करावी, म्हणून सोलांज प्रुव्हो नावाच्या बाईंना बोलावलं होतं. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा त्यांचा पेशा. फोन त्यांचाच होता.

"या मास्तर. कोट राहू द्या अंगावर, हीटर बंद पडलाय. आणि हात खिशात घाला."

"खिशात कशाला?"

"चित्रकारांचे हात मला ठाऊक आहेत. बोट लावल्याशिवाय बघताच येत नाही तुम्हाला."

ओक्तावनं हात खिशात घातले. चित्र चौकटीतून काढून लाकडी घोडीवर तिरपं ठेवलं होतं. सोलांजबाईंनी दिवा सरकवला. मेंढपाळाच्या डोक्याच्या बाजूला चार बोटं रुंद आणि तेवढीच उंच अशी एक चौकोनी जागा त्यांनी कापसाच्या बोळ्यांनी साफ केली होती. या धंद्यात हिला खिडकी म्हणतात. सगळं चित्र साफ करण्याआधी एवढीशी जागा उघडून आत काय आहे ते बघायचं.

खिडकीत निळं आकाश होतं.

संध्याकाळचं निळं नव्हे. ज्या निळ्याकडे बघून माणूस टोपी शोधतो ते निळं. त्यात मेंढपाळाचा कान, गालावर घाम, आणि भुवयांवर आडवा धरलेला हात. हाताची सावली डोळ्यांवर पडली होती, आणि त्या सावलीत डोळे चांगले टक्क उघडे होते.

"हे काय आहे?" ओक्ताव म्हणाला.

"दुपार," सोलांजबाई म्हणाल्या. "बारा, साडेबारा. खाली पायाशीही मी जरासं उघडलंय, हे बघा. सावली बुटांखाली. मेंढ्या पांढऱ्या. धूळ पांढरी. बिचारा उन्हानं हैराण झालाय आणि लांब काहीतरी बघतोय."

"म्हणजे रडत नाही?"

"रडेल कशाला? चांगला बघतोय की!"

ओक्तावनं विचारलं की हा अंधार मग आला कुठून. सोलांजबाईंनी टेबलावरचा कागद उचलला. प्रयोगशाळेतून तपासून आला होता. खालचं वार्निश पिवळं पडलेलं, ते होतंच. शंभर वर्षांत पडायचंच. पण त्यावर आणखी एक थर होता, जाड, तपकिरी, पुढे दालनातल्या शेगडीची काजळी खाऊन काळा झालेला. आकाशापासून मेंढ्यांपर्यंत सगळीकडे नीट चोळलेला.

"अक्रोडाचं तेल," बाई वाचत म्हणाल्या. "आणि मीठ. कुणीतरी महाभागानं चित्राचं सॅलड केलंय. व्हिनेगर नाही घातलं हे आपलं नशीब. आणि तेलात धागे सापडले, निळ्या काठाच्या रुमालाचे. नक्कल करायला बसलेला कुणी चित्रकारच असणार. पूर्वी ही खोड होती ना त्यांना. चित्र निस्तेज दिसायला लागलं की तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे रंग उठून दिसतात. लाळसुद्धा लावायचे. कांदा चोळायचे! एकेकाला धरून..."

त्यांनी कुणाला धरून काय करायचं ते सांगितलं. ओक्तावनं खिशातले हात आणखी खोल घातले.

"शुक्रवारी समितीत ठरेल, पूर्ण साफ करायचं की नाही ते," बाई म्हणाल्या. "तुमचं मत आहेच त्यात. मला वाटतं तुम्हाला आनंदच होईल."

"हो तर," ओक्ताव म्हणाला.

समिती तिघांची होती: संग्रहालयाचे प्रमुख व्होकलँ, उपमहापौर मादाम तेस्ये, आणि गावचे नामवंत म्हणून ओक्ताव. त्यानं नाही म्हटलं तर काम थांबणार हे उघड होतं. व्होकलँ त्याच्या शब्दाबाहेर नव्हते आणि मादाम तेस्ये व्होकलँच्या.

घरी जाताना ओक्ताव नदीच्या पुलावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. पुलावर गळ टाकून बसलेल्या माणसानं तिसऱ्या वेळी विचारलं, "मास्तर, काही हरवलंय का?" ओक्ताव म्हणाला, नाही. हे खोटं होतं, पण काय हरवलं ते सांगायलाही जमलं नसतं.

तेल त्याचंच होतं. त्या तीन महिन्यांत तो रोज डब्यात पाव, सॅलड आणि मावशीच्या घरचं मीठ घातलेलं अक्रोडाचं तेल घेऊन जायचा. वार्निशनं चित्र तेव्हाच इतकं मातकट झालं होतं की वेळ दुपारची की संध्याकाळची ते कळू नये. एका दिवशी त्याच्या गडद भागात काहीच दिसेना, म्हणून त्यानं रुमालावर चार थेंब घेऊन फिरवले. आणि चित्र उजळून, ओलं होऊन, गहिरं होऊन समोर आलं. त्याला रडू फुटलं होतं. वाटलं, ब्रेसाँचा आत्मा दिसला. मग रोज थोडं थोडं. नक्कल पूर्ण होईतो बाटली संपली. नंतर दरवर्षी तो चित्र बघायला यायचा, आणि दरवर्षी त्याला ते अधिक गहन वाटायचं. आपली नजर परिपक्व होत चालली आहे असं त्यानं एका मुलाखतीत म्हटलं होतं. ती मुलाखत त्यानं फ्रेम करून ठेवली होती.

थोडक्यात, ब्रेसाँचा ओक्तावनं वारसा घेतला असं सगळे समजत होते, त्यात दिशा उलटी लागली होती.

"जेवायला बस," बायको म्हणाली.

"भूक नाही."

"भूक नाही तर उभा का? बस."

ओदील त्याची बायको. तिचे वडील ल्युदोविक त्याच दालनात तीस वर्षं पहारेकरी होते. ओक्तावची आणि तिची ओळख तिथलीच. ती वडिलांचा डबा घेऊन यायची आणि तो नक्कल करत असायचा.

"चित्र साफ करणार आहेत," ओक्ताव म्हणाला. "मी नाही म्हणणार. काळाचा थर हाही चित्राचाच भाग असतो. काळाचा मान राखला पाहिजे."

ओदीलनं सूप वाढलं. "काळाचा थर, की तेलाचा?"

ओक्तावचा चमचा तिथेच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. लग्नाच्या आधीच. म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण चित्राला तेल लावतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कामसू दिसतो. अरे, तुझ्या रुमालाला वास यायचा! आई म्हणायची, हा मुलगा लेट्यूससारखा वास मारतो."

"सत्तेचाळीस वर्षं तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुलाही माहीत असेल," ओदील म्हणाली. "तेल तर तूच लावत होतास."

ओक्ताव स्टुडिओत गेला. घोडीवर 'शोक पंच्याहत्तर' अर्धवट होतं. हाताला अजून बोटं यायची होती. त्यानं ब्रश उचलला, ठेवला, खिडकी उघडली, बंद केली, सगळे ब्रश धुतले, जे आधीच धुतलेले होते. मग समितीसाठी भाषण लिहायला घेतलं. 'काळ हाही एक चित्रकार आहे' असं पहिलं वाक्य आलं. ते त्याला बरं वाटलं आणि लगेच कसंसंच वाटलं, कारण त्या चित्रकाराचा पत्ता त्याला ठाऊक होता.

बुधवारी तो संग्रहालयात गेला. छत्री विसरलो म्हणून सांगितलं.

"तुम्ही छत्री आणलीच नव्हती," सोलांजबाई म्हणाल्या.

"मग घरीच असेल. आलोच आहे तर जरा बघतो."

गुरुवारी सकाळी तो चष्मा विसरला म्हणून गेला. चष्मा नाकावर होता. बाईंनी नुसता दिवा सरकवला.

तो बराच वेळ खिडकीसमोर उभा राहिला. मेंढपाळ डावीकडे बघत होता. डोळे बारीक केलेले, तोंड किंचित उघडं, जसं लांबून कुणी येताना दिसल्यावर आपलं होतं. पण खिडकी त्याच्या बोटांशी संपत होती. पुढे डावीकडे दोन हात रुंद तपकिरी अंधार, आणि तो जे काही बघत होता ते त्या अंधारात.

"काय बघतोय तो?" ओक्ताव म्हणाला.

"ते साफ केल्यावर कळेल."

"अंदाज?"

"मी अंदाज करत नाही मास्तर, कापूस फिरवते. पण काहीतरी आहे तिथे. तिरप्या उजेडात रंगाची जाडी दिसते. हे बघा, इथे उंचवटा. एखादं माणूस असेल, कुत्रं असेल. पांढऱ्या कपड्यातली बाईही असू शकते. की नुसतंच झाड, देव जाणे."

"एक बोळा फिरवून बघा ना. नखाएवढा."

"शुक्रवारी ठरल्यावर. हात खिशात!"

त्याचा हात खरोखरच बाहेर आला होता.

त्या दिवशी तो गावात चार तास चालला. बेकरीपाशी उभा राहिला आणि पाव न घेता निघाला. शाळेच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती, 'आमचे मास्तर देलबोस यांच्या शैलीत', सगळी काळी. चौकात ऊन पडलं होतं. त्याला लख्ख आठवलं की ऊन आपण उभ्या आयुष्यात काढलेलं नाही. निळ्याची ट्यूब त्यानं शेवटची कधी घेतली होती तेही आठवेना. चौऱ्याहत्तर शोक काढले, पण एकाही वेळी हा माणूस काय बघत असेल असा प्रश्न त्याला पडला नव्हता. झाकलेल्या डोळ्यांना असा प्रश्न कोण विचारतो? आता मात्र तो एकच प्रश्न उरला होता आणि तो बुटात गेलेल्या खड्यासारखा पावलोपावली टोचत होता. नाव गेलं तर जावो. अडुसष्टाव्या वर्षी नावाचं करायचं काय? पण हे बघितल्याशिवाय मरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं भाषण फाडलं. ओदीलनं तुकडे कचऱ्यात टाकले आणि विचारलं, "उद्या कोट कोणता घालतोस?"

"कबुली द्यायला कोणता घालतात?"

"करडा. इस्त्री केलेला आहे."

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. व्होकलँ हे पन्नाशीचे, उत्साही गृहस्थ; त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'संवाद' हा शब्द यायचाच. मादाम तेस्ये वही घेऊन बसल्या होत्या आणि वहीत फुलं काढत होत्या. सोलांजबाईंनी आपला अहवाल वाचला. आकाश निळं, वेळ दुपारची, थर तेलाचा, सहज निघेल, मूळ रंगाला धोका नाही.

व्होकलँचा चेहरा पडला. "निळं? पण आपल्या प्रदर्शनाच्या पत्रिका काळ्या छापल्या आहेत."

"मास्तरांचं मत काय?" मादाम तेस्ये म्हणाल्या.

ओक्ताव उभा राहिला. एवढ्या छोट्या खोलीत उभं राहायची गरज नव्हती, पण बसून बोलवेना.

"साफ करा," तो म्हणाला. "सगळं साफ करा. तेल मी लावलं होतं. एकवीस वर्षांचा होतो. रोज दुपारी जेवताना. हा अंधार ब्रेसाँचा नाही. माझा आहे. मी जे काही शिकलो ते त्या बाटलीपासून शिकलो, आणि माझ्यापासून जे शिकले ते... त्यांना मी पत्रं लिहीन."

सोलांजबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्याला वाटलं त्या आता त्याला धरून मंगळवारी सांगितलेलं सगळं करणार. पण त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "रुमाल निळ्या काठाचा?"

"मावशीनं दिला होता."

मग व्होकलँ हळूहळू उठले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही काय बोललात ते तुमच्या लक्षात तरी आलंय का?"

"आलंय. मला काढून टाका समितीतून."

"काढून? अहो, तुमचं अगदी पहिलं चित्र प्रदर्शनात असावं म्हणून आम्ही कुठे कुठे शोधत होतो. आणि हे इथे, आमच्याच दालनात! हा थर म्हणजे देलबोस आहे. पहिला देलबोस! दोन शतकांचा एकाच कापडावर संवाद! आणि आपण तो कापसानं पुसायला निघालो होतो."

"ते सॅलडचं तेल आहे," ओक्ताव म्हणाला.

"घरगुती साहित्य," व्होकलँ मादाम तेस्येंकडे वळून म्हणाले. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं.

"मी परवानगी देतो. माझं काम आहे ना? मग मी सांगतो, पुसा."

"मास्तर, तुम्ही आत्ता भावनेच्या भरात आहात. आणि तुमचं काम आता तुमच्या एकट्याचं थोडंच राहिलंय? गावाचं आहे."

"बाई, तुम्ही तरी सांगा यांना!"

"मला मत नाही," सोलांजबाई म्हणाल्या. "मी फक्त कापूस." मग व्होकलँकडे बघून म्हणाल्या, "आणि मी सांगून ठेवते, तुम्ही मीठ जपून ठेवायला निघालात."

मत घेतलं. दोन विरुद्ध एक. उघडलेल्या खिडक्या तशाच ठेवायच्या, कारण त्यांनी संवादाला खोली येते, असंही ठरलं. ओक्तावनं भिंतीवर हात टेकला. आयुष्यात पहिल्यांदा तो मतदानात हरला होता, आणि त्याचाच अंधार तसाच्या तसा राखायचा ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला होता. मंगळवारी त्याला नेमकं हेच हवं होतं.

शरदात प्रदर्शन झालं. चित्राखाली पाटी लागली: 'थेओफील ब्रेसाँ, आणि त्यावर ओक्ताव देलबोस. कॅनव्हासवर तेलरंग आणि तेल.' पॅरिसहून लोक आले. लियाँच्या बाई त्या थरासमोर रडल्या. ओसाकाच्या गृहस्थांनी पत्राचं उत्तर पाठवलं: मास्तर, कोणतं तेल? कळवावे. ओक्ताव प्रत्येकाला चित्राच्या उजव्या बाजूला न्यायचा आणि ती चार बोटांची खिडकी दाखवायचा. लोक खिडकीकडे बघून मान डोलवायचे आणि अंधाराकडे वळायचे.

प्रदर्शन उतरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं नकलेच्या परवान्यासाठी अर्ज केला. व्होकलँना वाटलं, मास्तर गंमत करतायत. पण नियम सगळ्यांना सारखे. परवाना तीन महिन्यांचा, नक्कल मूळ चित्रापेक्षा एक पंचमांशानं लहान, मूळ चित्रकाराची सही करायची नाही, घोडी संग्रहालयाची, दुपारी दीडला आवरायचं. आणि समितीनं नुकताच घातलेला एक नियम: दालनात खाद्यपदार्थ आणायचे नाहीत.

दालनाच्या दाराशी आता बेर्नादेत नावाच्या बाई पहाऱ्याला असत. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याची पिशवी उघडली.

"हे काय, मास्तर?"

"निळा. नवीन घेतला."

"आणि हे?"

"बायकोनं डबा दिलाय."

बेर्नादेतबाईंनी डबा उघडून वास घेतला. "सॅलड खाली ठेवा. बाटली मी घेते. जाताना मागून घ्या." त्यांनी बाटलीला बिल्ला बांधला आणि तिला छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभी केली.

ओक्तावनं पांढरं कापड लावलं आणि खिडकीपासून सुरुवात केली. कान, घाम, हाताची सावली, डोळे. निळं जमायला नऊ दिवस गेले. रोज थोडं जास्तच उजळ व्हायचं आणि तो खरवडून काढायचा. मेंढ्या त्यानं पांढऱ्या केल्या. धूळ केली. मग तो डावीकडे आला, जिथे मेंढपाळ बघत होता, आणि थांबला. एक दिवस त्यानं तिथे एक बाई काढली. दुसऱ्या दिवशी खरवडली. कुत्रं काढलं, तेही गेलं. झाड दोन दिवस टिकलं. मधूनच तो उठून मूळ चित्रापाशी जायचा, तिरपं होऊन अंधारातला उंचवटा बघायचा, आणि बेर्नादेतबाई दारातून ओरडायच्या, "मास्तर, हात!"

"खिशातच आहेत, बाई."

"उजवा नाही."

तीन महिने संपले तेव्हा नकलेचा डावा अर्धा भाग कोरा होता आणि त्यावर खरवडल्याच्या इतक्या खुणा होत्या की कापड झिजून पातळ झालं होतं. परवाना वाढवून घ्यायचा छापील अर्ज बेर्नादेतबाईंकडेच असे. ओक्तावनं तो उभ्या उभ्या भरला. नाव, पत्ता, चित्राचं नाव. शेवटचा रकाना होता: 'मुदतवाढीचं कारण'. तिथे त्याचा पेन जरा थांबला. मग त्यानं लिहिलं, 'मेंढपाळ अजून बघतोय', आणि अर्ज बाईंच्या हातात देऊन, बाटली न मागताच, पुन्हा आत गेला.